मदत हवी आहे : फिशिंग चाचणीत क्लिक कमी झाले, पण कुणी काही कळवतच नाही

दोनशेच्या आसपास लोकांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. दर तिमाहीला फिशिंगची (फसवून पासवर्ड वगैरे काढून घेणाऱ्या मेलची) चाचणी मेल जाते. क्लिक करणाऱ्याला पुन्हा प्रशिक्षण, आणि त्याचं नाव मॅनेजरकडे. क्लिक कमी झाले, पण संशयास्पद मेल कळवणारे जवळपास शून्य. डेव्हलपर एपीआय की (एका प्रोग्रामला दुसऱ्या सेवेत प्रवेश देणारी गुप्त किल्ली) सर्रास चॅटवर पाठवतात. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायच्या सक्तीला सगळे वैतागलेत. आधी कशाला हात घालावा?

प्रतिसाद १

नावं मॅनेजरकडे पाठवणं आजच बंद करा. घोडं तिथंच अडलंय. खऱ्या हल्ल्यात क्लिक केलेला माणूस लगेच बोलला तर बरंच काही वाचवता येतं. नाव वर जाणार म्हटल्यावर तो मेल डिलीट करून गप्प बसतो.

क्लिकचा आकडाही फसवा आहे. मेल बाळबोध असली की क्लिक आपोआप कमी. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने 'फिश स्केल' काढलं ते यासाठीच : मेल ओळखायला किती अवघड होती हे ठरवायचं आणि मग क्लिककडे बघायचं. तुम्ही दोन गोष्टी मोजा : किती जणांनी कळवलं, आणि पहिली खबर किती मिनिटांत आली.

कळवायचं बटण मेलच्या खिडकीतच हवं. फॉरवर्ड करायला सांगू नका, त्यात मूळ हेडर (मेल कुठून कशी आली याची नोंद) हरवतात आणि तपास अडतो. कळवणाऱ्याला त्याच दिवशी माणसाने लिहिलेलं उत्तर जाऊ द्या, मेल निरुपद्रवी निघाली तरीही. दोनदा उत्तर आलं नाही की तिसऱ्यांदा कुणी कळवत नाही.

कुणी 'पासवर्ड टाकला' म्हणाला तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. हल्लेखोराने सेशन कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) उचलली असेल तर तो आतच राहतो. आधी सगळी सेशन्स रद्द करा. मग मेलबॉक्समधले फॉरवर्डिंग नियम, नव्याने जोडलेलं एमएफए (पासवर्डखेरीज आणखी एक खात्री) उपकरण आणि परवानगी दिलेली बाहेरची अ‍ॅप्स तपासा. फॉरवर्डिंगचा नियम हमखास नजरेतून सुटतो.

प्रतिसाद २

९० दिवसांची सक्ती काढून टाका. निस्टच्या एसपी ८००-६३बी मार्गदर्शिकेने २०१७ मध्येच सांगितलंय की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलावा. सक्ती असली की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, आणि जुना पासवर्ड हाती असलेल्याला नवा ओळखता येतो. त्याऐवजी सगळ्यांना पासवर्ड मॅनेजर द्या, आणि अ‍ॅडमिन खाती आधी पासकीवर (पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) न्या. पासकी मूळ डोमेनशी बांधलेली असते, खोट्या पानावर ती चालतच नाही.

फोनवर नुसतं 'मंजूर' दाबायचं एमएफए असेल तर त्यात आकडा जुळवण्याची (लॉगिनच्या पानावरचा आकडा फोनवर टाकण्याची) अट घाला. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला मंजुरीच्या विनंत्या वारंवार येत राहिल्या आणि अखेर एक मंजूर झाली. अशा वेळी 'न मागता विनंती आली की नाकारा आणि कळवा' एवढं एक वाक्य सगळ्यांना पाठ हवं.

प्रतिसाद ३

चॅटवरच्या कींबद्दल. नुसत्या मनाईने काही होणार नाही, सुरक्षित वाट चॅटइतकीच सोपी हवी. सीक्रेट व्हॉल्टमधून (की आणि पासवर्ड ठेवायची डिजिटल तिजोरी) टीमला थेट प्रवेश द्या, म्हणजे की पाठवायची वेळच येत नाही. गिटलीक्ससारखं कोडमधल्या की शोधणारं साधन प्री-कमिट हुकमध्ये (कोडमधला बदल नोंदवण्याआधी, म्हणजे कमिटआधी, आपोआप होणारी तपासणी) लावा आणि सर्व्हरवरही चालवा, कारण हुक कमांडला जोडलेल्या एका फ्लॅगने टाळता येतो. सुरुवातीला फक्त नवे कमिट तपासा. पहिल्याच दिवशी जुन्या कोडमधल्या शेकडो सूचना अंगावर आल्या की लोक साधनच बंद करतात.

की फुटलीच तर कमिट पुसत बसू नका, ती इतरांनी घेतलेल्या कोडच्या प्रतींत (क्लोन आणि फोर्कमध्ये) राहते. नवी की काढा, सेवा तिच्यावर वळवा, जुनी रद्द करा, मग जुन्या कीच्या वापराचे लॉग बघा. रेपो (कोडचं भांडार) सार्वजनिक असेल तर मात्र जुनी आधी रद्द करा, सेवा थोडा वेळ बंद पडली तरी चालेल.

मूळ प्रश्नकर्ता

नावं पाठवणं थांबवतो. पण दर वेळी तेच दोघे-तिघे क्लिक करत असतील तर?

प्रतिसाद १

त्यांचं काम काय आहे ते आधी बघा. भरती आणि लेखा विभागाला अनोळखी माणसांच्या फाइली उघडाव्याच लागतात. त्यांच्यासाठी अटॅचमेंट ब्राउझरच्या प्रीव्ह्यूमध्येच उघडतील अशी सोय करा, आणि बाहेरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो (फाइलमध्ये दडलेले छोटे प्रोग्राम) बंद ठेवा. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलायची मेल आली तर आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर फोन करून खात्री झाल्याशिवाय बदल नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर तर मुळीच फोन करायचा नाही.