पैगंबर माणूस म्हणून कसे होते – कुठलं चरित्र वाचू?

वाचनखुळा:
साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' वाचून झालं, आवडलं. आता मुस्लिम लेखकानेच लिहिलेलं, जरा आधुनिक चरित्र हवंय. 'अर-रहीक अल-मख्तूम' एका मित्राने दिलं होतं पण लढायांवर लढाया आणि टोळ्यांची नावं, मधेच अडकलो. मला ते घरात, शेजाऱ्यांशी, शत्रूशी कसे वागायचे ते वाचायचंय. उर्दू लिपी येत नाही, इंग्रजी चालेल.

सांगलीची_वाचक:
मार्टिन लिंग्ज, १९८३. मुसलमान झालेला इंग्रज माणूस, इब्न इसहाक वगैरे जुन्या साधनांवरूनच लिहितो पण वाचताना गोष्टच वाटते. डोळे झाकून घ्या.

हापूस७८:
लिंग्ज सुंदरच, पण तुमचा प्रश्न बघता मी आधी हैकल सांगेन. मुहम्मद हुसेन हैकल, इजिप्तचा संपादक नि कादंबरीकार, मूळ पुस्तक १९३५चं, इंग्रजी भाषांतर इस्माईल फारुकींचं. चमत्कारांवर भर नाही. हुदैबियाचा तह मुद्दाम वाचा, मक्केवाले अडून बसले की करारात 'अल्लाचे रसूल' (म्हणजे दूत) नको, करार लिहिणाऱ्या अलींना ते खोडवेना, तर पैगंबरांनी स्वतःच खोडलं आणि नुसतं 'अब्दुल्लाचा मुलगा मुहम्मद' चालवून घेतलं. आपल्याला सोसायटीच्या मीटिंगमध्ये एवढं जमत नाही :) मधेमधे युरोपियन अभ्यासकांशी भांडत बसतो, ती पानं सरळ उलटा.

वाचनखुळा:
आणि घरातलं?

हापूस७८:
त्यासाठी शिबली नोमानी आणि सुलेमान नदवींचं उर्दू 'सीरतुन्नबी', सात खंड, सहावा सगळा अख्लाकवर, म्हणजे नीती-वागणुकीवर. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगमनी या कामाला पैसे दिले होते, शिबली १९१४ला गेले मग शिष्य नदवींनी पुढचं लिहिलं. आमचे अब्बा रात्री जेवणं झाली की सीरत, म्हणजे पैगंबरांचं चरित्र, मोठ्याने वाचायचे. हदीसमधला (पैगंबरांच्या वचनांच्या नि आठवणींच्या संग्रहातला) अनस आठवतो, दहा वर्षं पैगंबरांकडे कामाला, म्हणतो कधी मला 'उफ' केलं नाही की हे का केलंस विचारलं नाही. त्याच्याच धाकट्या भावाचा पाळलेला छोटा पक्षी मेला तर पैगंबर त्या पोराला विचारायचे, "अबू उमैर, तुझ्या नुगैरचं काय झालं रे?"

सांगलीची_वाचक:
अहो, उर्दू लिपी येत नाही म्हणतायत ते 😄

हापूस७८:
हो की. पण हिंदी कळतं ना, मग कुणाकडून तरी वाचून घ्या, ऐकायलाच जास्त मजा येते.

वाचनखुळा:
हैकल मागवलं. पक्ष्याची गोष्ट मुलीला सांगितली, ती विचारतेय मग त्याला दुसरा आणून दिला का.