‘पांढर’ म्हणजे नुसती पांढरी माती का?

प्रश्न : माझं आजोळ निफाडकडचं. आजी म्हणायची, “काळी पोटाला, पांढर राहायला.” परवा पुरातत्त्वावरच्या व्याख्यानात ‘पांढरीचं टेकाड’ हा शब्द ऐकला. दोन्ही पांढरी एकच का?

उत्तर : एकच. काळी म्हणजे शेतजमीन, पांढर म्हणजे गावठाण. मातीच्या भिंती पडतात, त्यावर पुन्हा घरं उभी राहतात, चुलीची राख, शेण, हाडं, खापरं तिथंच मुरतात. शेकडो वर्षांत जमीन उंचावते आणि फिकट, भुसभुशीत होते. गाव उठून गेलं तरी टेकाड उरतं. म्हणून महाराष्ट्रात जुनी वस्ती शोधणारे आधी गावकऱ्यांना विचारतात, “तुमच्याकडे पांढर कुठे आहे?” हा शब्द शास्त्राने शेतकऱ्याकडून घेतला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या नाशकातच बघा. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर 1950-51 साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. सगळ्यात खाली ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्यांची वस्ती, तिच्यावर सातवाहनकाळ, वर थेट मराठेशाहीपर्यंतचे अवशेष. त्याच वेळी संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे इथेही खोदलं. तिथली तांबडी, काळ्या नक्षीची, टिचकी मारली की खणखणणारी खापरं पुढे ‘जोर्वे संस्कृती’ची ओळख ठरली.

दुसरं उत्तर : ‘खणणं’ आणि ‘उत्खनन’ यांतला फरकही सांगायला हवा. विहीर खणतात. उत्खननात एकेक थर सोलतात आणि वस्तू कुठल्या थरात सापडली ते लिहून ठेवतात. ती नोंद नसेल तर खापर मुकं. खालचा थर जुना, वरचा नवा, हा साधा नियम. पण पेव आडवं येतं. ‘पेव फुटलं’ आपण रोज म्हणतो, पण पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. नंतरच्या माणसाने पेव खणलं की ते जुने थर चिरत खाली जातं आणि त्याच्या काळातलं नाणं हजार वर्षं जुन्या मातीशेजारी जाऊन बसतं. मातीचा रंग बघून पेवाची कड ओळखता आली नाही, तर काळच चुकतो.

आणि एक विनवणी. पांढरीची माती खत म्हणून, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, घालायला म्हणून गाड्या भरभरून नेतात. कितीतरी टेकाडं अशीच सपाट झाली. ट्रॉली भरताना खापरं दिसली तर निदान तिथं थांबा.

प्रश्नकर्ती : आजोळच्या परसात धाब्यासाठी आणलेल्या मातीच्या ढिगात आम्ही लहानपणी मणी शोधायचो. काचेचे, हिरवे. ती माती कुठून आणली होती, ते आता मामाला विचारते.