मदत हवी आहे: भाऊ डोळे तपासू देत नाही

मुग्धा_के:
काल तिसऱ्यांदा दवाखान्यातून हात हलवत परत आलो. "पेशंट कोऑपरेट करत नाही, नंबर निघणार नाही," एवढंच ऐकवलं. घरी टीव्हीला नाक लावून बसतो, जिना उतरताना पाय आधी चाचपडतो. चांगला डॉक्टर कोणी सुचवेल का? लवकर सांगा प्लीज.

रानवारा:
वय किती? गाव कुठलं? आमचा पुतण्याही रडायचा, चॉकलेट दाखवून बसवला.

मुग्धा_के:
३१ वर्षांचा आहे. डाऊन सिंड्रोम. अक्षरओळख नाही, बोलतो थोडंच. आम्ही कोल्हापूरला.

सदाकाका:
अहो ताई, हे आधी लिहायचं ना! पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढा. निरामय योजनेत १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो.

मुग्धा_के:
काका, कार्ड आहे. डोळे कसे तपासायचे ते विचारतेय.

निवांत:
त्रिफळ्याच्या पाण्याने रोज डोळे धुवा. आमच्या आजीला गुण आला.

चष्मिष्ट:
कृपया नको! मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळे तपासून नंबर काढणं हेच माझं काम. डाऊनमध्ये मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, केराटोकोनसचाही धोका जास्त. त्यात कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन पुढे येतो, आणि चोळल्याने ते वाढतं. भाऊ डोळे चोळतो का?

मुग्धा_के:
हो, सारखा! मुठीने, अगदी जोर लावून. आम्हाला वाटायचं झोप आलीय.

चष्मिष्ट:
मग कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करून घ्याच. आणि नंबर काढायला पेशंटने बोलायलाच हवं असं नाही. रेटिनोस्कोपीत डोळ्यावर उजेडाची पट्टी फिरवतात, बाहुलीतली चमक कुठे सरकते ते बघत भिंगं बदलतात. नजर तपासायला ली चित्रं असतात: सफरचंद, घर, गोल, चौकोन. हातातल्या कार्डावर तसंच चित्र बोटाने दाखवलं तरी पुरतं.

कडकलक्ष्मी:
एवढं कशाला? भूल देऊन तपासा. आमच्या मुलीचं तसंच केलं, तिला ऑटिझम आहे.

चष्मिष्ट:
भूल सगळ्यात शेवटी. डाऊनमध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, द्यायची वेळ आलीच तर भूलतज्ज्ञांना आधी सांगायला हवं.

कडकलक्ष्मी:
आपल्या लेकराला चौघांनी दाबून धरलेलं बघितलंय का कधी? मी बघितलंय. म्हणून सांगते.

सदाकाका:
२०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. तरी आमच्या बँकेला अजून रॅम्प नाही!

आसावरी१२:
मुग्धा, माझ्या बहिणीचं सांगते. काचा काढलेली जुनी फ्रेम तिला घरी रोज थोडा वेळ घालायला दिली. सकाळची पहिली वेळ मागून घेतली, बाकडी रिकामी असतात. पहिल्या दिवशी ती नुसती खुर्चीत बसली आणि आम्ही घरी आलो. तिसऱ्या खेपेला नंबर निघाला.

मुग्धा_के:
बाबांची जुनी फ्रेम सापडली. आधी मी घातली, मग त्याने माझ्या नाकावरून ओढून स्वतः घातली. काढतच नाहीये. चष्मिष्ट, टोपोग्राफी कोल्हापुरात होईल का, की पुण्याला जावं लागेल?