मदत हवी आहे : आईसोबत कसबा पेठ पायी, रस्ता सुचवा

येत्या शनिवारी सकाळी आईला पुण्यातली कसबा पेठ पायी दाखवायचीय. तिचं वय ७१, गुडघे दुखतात, सलग अर्धा तास चालते मग दहा मिनिटं बसावं लागतं. गाडी आणणार नाही, मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरू, साडेअकरापर्यंत आटपायचंय कारण ऊन.

बघायचंय ते कसबा गणपती, लाल महाल, तांबट आळी आणि सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. शनिवारवाडा आणि विश्रामबागवाडा तिने पाहिलेत.

गेल्या रविवारी मी एकटा जाऊन आलो, तर तांबट आळीत बहुतेक दुकानं बंद, एकाच ठिकाणी एक काका तांब्याच्या घंगाळ्यावर मठारकाम करत बसलेले, ठोक्याठोक्याला चकाकणारा एकेक खळगा उमटत होता, आईला नेमकं हेच दाखवायचंय. पुढे त्रिशुंडला मॅप लावून गेलो तर त्याने मोठ्या रस्त्यावरून नेलं, ट्रॅफिकमध्ये तिला क्रॉस करवणं अवघड आहे. रिक्षा शेवटचा पर्याय, गल्ल्या बघायला मिळाव्यात हीच तिची हौस आहे.

तर तिथे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा, शनिवारी तांबट आळीत काम साधारण किती वाजता सुरू होतं, आणि तिथून त्रिशुंडला आतल्या गल्ल्यांनी जायचा, मध्ये कुठे बसता येईल असा रस्ता कोणता?