हेराल्डचं कौतुक उगाच नाही

ताकद, मायलेज, सुरक्षा सगळ्यात आजची स्विफ्ट पुढे, मग ट्रायम्फ हेराल्ड कन्व्हर्टिबल या साठच्या दशकातल्या, छत उघडणाऱ्या ब्रिटिश गाडीचं एवढं कौतुक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. १९६१ च्या हेराल्ड १२०० चं इंजिन ११४७ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. जवळपास तेवढ्याच सीसीत स्विफ्ट दुप्पट देते.

पण वळणात उलटं आहे. हेराल्ड साधारण साडेसात मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरते, स्विफ्टला साडेनऊ मीटर लागतात. अरुंद गल्लीत हा फरक लगेच कळतो.

आणि ते बॉनेट! मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खं पुढे उलटतं. मग पुढच्या टायरवर बसा आणि प्लग, कार्ब्युरेटर, सस्पेन्शन, सगळं हाताशी. ही सोय मला आजच्या कुठल्याच गाडीत दिसत नाही. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी असल्याने छप्पर बोल्टने बसवलेलं, म्हणूनच कन्व्हर्टिबल काढणं कंपनीला सोपं गेलं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे मागची चाकं मधल्या सांध्यावरून वर-खाली झुलतात. वेगात वळताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडतं आणि गाडीचा मागचा भाग बाहेर घसरतो. एअरबॅग नाही, एबीएस नाही. पावसात घाट उतरायचा तर मी बिनदिक्कत स्विफ्टच काढीन.

विकत घेणार असाल तर रंग, कापडी छत नंतर बघा. आधी गाडी वर उचलून चासीचे बाजूचे आडवे हात तपासा, गंज तिथेच धरतो.