ल्युसर्नचा चॅपल ब्रिज: दुपारच्या दोन तासांत फोटो कसे काढावेत?

प्रवासी_बॅग
सप्टेंबरमध्ये ग्रुप टूरने स्वित्झर्लंडला जातोय. ल्युसर्नला मोकळा वेळ दुपारी ३ ते ५ एवढाच. लाकडी पूल, त्याला लागून असलेला अष्टकोनी बुरूज आणि छताखालची त्रिकोणी चित्रं, तिन्ही हवंय. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ मिमी झूम लेन्स आणि मोबाइल आहे. ट्रायपॉड न्यावा का?

तिरपा_उजेड
त्या वेळी सूर्य नैऋत्येकडे असतो. सगळे टूरवाले सीब्रुके या मोठ्या रस्त्याच्या पुलावरून फोटो काढतात, पण तिथून दुपारी ऊन समोरून येतं. आकाश पांढरं, पूल काळा. ती जागा सकाळची. तुम्ही स्टेशनच्या बाजूच्या काठाने पुलाकडे चालत जा आणि जुन्या शहराकडे तोंड करून उभे राहा, ऊन मागून-डावीकडून मिळेल. माउंट पिलाटस दक्षिण-नैऋत्येला, म्हणजे दुपारी तो धुरकट निळा दिसणार. त्याचा नाद सोडा.

पूल २०४ मीटर लांब आणि मध्ये वळलेला. अख्खा बसवण्यापेक्षा बुरूज आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा पूल घ्या. बुरूज ३४ मीटरच्या आसपास उंच. कॅमेरा वर झुकवला की तो मागे पडल्यासारखा दिसतो. कॅमेरा सरळ धरा, लेन्स १८-२० वर ठेवा, खालचं जास्तीचं पाणी नंतर कापा. उन्हाळ्यात कठड्याबाहेर लावलेली फुलं सप्टेंबरमध्येही बहुधा असतात.

सावलीतला_आयएसओ
आतल्या चित्रांबद्दल. ती १७व्या शतकातली आहेत. १९९३च्या ऑगस्टमधल्या आगीत बहुतांश जळाली, पूल १९९४च्या एप्रिलमध्ये पुन्हा उघडला. त्यामुळे प्रत्येक त्रिकोणात चित्र असेलच असं धरू नका. आधी एक फेरी मारून शाबूत चित्रं हेरून ठेवा.

अडचण उजेडाची. दोन्ही बाजू उघड्या, बाहेर लख्ख पाणी, वर अंधार. कॅमेऱ्याला आपोआप ठरवू दिलं तर चित्र काळंच येतं. लेन्स ४०-५५ वर नेऊन फ्रेममध्ये फक्त त्रिकोण ठेवा, स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या जागेचा उजेड मोजणं) चित्रावर. अ‍ॅपर्चर एफ/५.६, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० पासून सुरुवात करा, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघून कमीजास्त करा. मोबाइलवर चित्रावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. फ्लॅश नकोच: रंगावर चकाकी येते आणि तुळयांच्या सावल्या चित्रावर पडतात.

आतला लांबलचक बोगद्यासारखा फोटो हवा असेल तर उलट करा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, बाहेरचं पाणी जळून पांढरंफटक होणार नाही इतकं एक्स्पोजर कमी ठेवा, अंधारे भाग नंतर एडिटिंगमध्ये उजळा. एचडीआर (कमीजास्त उजेडाचे अनेक फोटो जोडणं) नको, चालणाऱ्यांमुळे त्यात भुतासारख्या पुसट आकृत्या दिसतात.

प्रवासी_बॅग
वा, छान. मग ट्रायपॉड? आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर)?

तिरपा_उजेड
ट्रायपॉड बसमध्येच राहू द्या. लाकडी फळ्या माणसांच्या चालण्याने हलतात, म्हणजे पुलावर अर्ध्या सेकंदाचा फोटोही हलतो. शिवाय वाट अडते ती वेगळीच. सीब्रुकेवर बसगाड्यांचा तोच त्रास. पोलरायझर न्या, पण पूर्ण फिरवू नका, नाहीतर पाण्यातलं बुरुजाचं प्रतिबिंबही पुसलं जाईल. रॉइस नदीला तिथे चांगली ओढ आहे, त्यामुळे आरशासारखं प्रतिबिंब तसंही मिळत नाही.

घाट_उतार
एक भर. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी नदीकाठी बाजार भरतो, तुमच्या वेळेला बहुतेक आवरलेला असेल. अर्धा तास उरला तर खाली प्रवाहाच्या दिशेने श्प्रॉयरब्रुके या दुसऱ्या पुलापर्यंत चाला. तोही छपराचा, १४०८चा, आत मृत्यूच्या नृत्याची चित्रमाला, आणि गर्दी बरीच कमी. मला विचाराल तर आतले फोटो तिथेच निवांत काढा.

सावलीतला_आयएसओ
ढगाळ दिवस असून आतले दिवे लागलेले असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. तिकडे वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. वेगळा वेग ठेवला तर फोटोवर पट्टे उमटू शकतात.