डीडी चालू आहे, पण किती झालं ते कळेना. तुम्ही काय वापरता?

सिडकोकर, दु. ४.१२
मंडळी, जरा घाईत आहे. इंदिरानगरला दाजींचा फोटो स्टुडिओ आहे. तिथली १ टीबीची जुनी हार्ड डिस्क नव्या १ टीबीवर जशीच्या तशी उतरवतोय. उबुंटू, डीडी (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारी कमांड), ब्लॉक साइझ (एका वेळी उचलायचा तुकडा) ४एम. दुपारी ३.१० ला एंटर मारलं, तेव्हापासून काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर, बाकी काही नाही. दाजी दर दहा मिनिटांनी येऊन "झालं का हो?" विचारतात. रात्री ९ ला शटर खाली. बंद करून परत सुरू करू का? आणि पुढच्या वेळी प्रोग्रेस दिसायला काय वापरावं?

गंगापूर रोड, दु. ४.१५
पुढच्या वेळी कमांडच्या शेवटी स्टेटस=प्रोग्रेस जोडा. २०१५ च्या कोअरयुटिल्स (डीडी ज्यात येतो तो मूळ कमांडांचा संच) ८.२४ पासून आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. किती बाइट गेले, किती सेकंद लागले, वेग काय, एवढं दिसत राहतं. टक्के मात्र दाखवत नाही, ते आपण काढायचे.

तर्री कमी, दु. ४.१७
बंद करू नका भाऊ! चालू डीडीलाही विचारता येतं. दुसरं टर्मिनल उघडा आणि मारा: सुडो पीकिल -यूएसआर१ -एक्स डीडी. (देवनागरीत लिहिलंय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत. फक्त यूएसआर मोठ्या अक्षरांत, बाकी एक्ससकट सगळं छोट्या अक्षरांत.) आकडे पहिल्या खिडकीत येतील, दुसरीत शोधत बसू नका. मी पहिल्यांदा पाच मिनिटं चुकीच्या खिडकीकडे बघत बसलो होतो.
यूएसआर१ लिहायचं राहिलं तर साधा टर्म, म्हणजे 'बंद हो', सिग्नल जातो आणि डीडी खल्लास, तेव्हा एंटरआधी एकदा वाचा. -एक्स नसेल तर नावात कुठेही डीडी असलेली प्रोसेस पकडली जाते. आणि मॅकवर हे अजिबात करू नका, तिथे यूएसआर१ ने डीडी मरतो. मॅकवर कंट्रोल-टी.

सिडकोकर, दु. ४.२१
आले आकडे! ३३०५०+० रेकॉर्ड्स (४एमचे तुकडे) इन, तेवढेच आउट. १३८६२१७४७२०० बाइट, ४२०० सेकंद, ३३ एमबी/से. म्हणजे ७० मिनिटांत १४ टक्केसुद्धा नाही?

निवृत्त सिस्टीमवाला, दु. ४.२६
३३ एमबी म्हणजे तुमची डिस्क यूएसबी २ च्या पोर्टात आहे, पैज लावतो. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला खोचली असेल. या वेगाने अजून सव्वासात तास, म्हणजे रात्रीचे साडेअकरा. मागच्या निळ्या पोर्टात लावा. १०० एमबीच्या आसपास वेग मिळाला तर उरलेलं अडीच तासांत होईल.
आता नीट वाचा. कंट्रोल-सी मारा, डीडी जाता जाता रेकॉर्डचा आकडा सांगतो, तो कागदावर लिहा. मग सिंक (मेमरीत अडकलेलं डिस्कवर उतरवणारी कमांड) मारून प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा, त्यानंतरच केबल काढा. परत सुरू करताना आधीचीच कमांड, ब्लॉक साइझ तोच ४एम, आणि स्किप (जुन्या डिस्कवर किती तुकडे सोडून वाचायचं) व सीक (नव्या डिस्कवर किती सोडून लिहायचं) दोन्हीत एकच आकडा. थोडं मागून धरावं, ३३००० द्या. सोबत स्टेटस=प्रोग्रेस आणि कॉन्व्ह=एफसिंक, म्हणजे सगळं डिस्कवर उतरल्यावरच डीडी संपेल.
केबल काढून लावली की डिस्कचं लिनक्समधलं नाव बदलतं, एसडीबी चं एसडीसी होऊ शकतं. दोन्ही डिस्क १ टीबीच्या, त्यामुळे साइझवरून कळणार नाही. एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मध्ये मॉडेल आणि सिरियल बघा आणि डिस्कवरच्या स्टिकरशी जुळवा. आयएफ (कुठून वाचायचं) आणि ओएफ (कुठे लिहायचं) ची अदलाबदल झाली तर लोकांच्या लग्नाचे फोटो गेले.

अंबड लिंक रोड, दु. ४.४०
मी तर प्रोग्रेस नावाचंच टूल वापरतो, एपीटीत (उबुंटूचं सॉफ्टवेअर टाकायचं साधन) मिळतं. सुडो प्रोग्रेस -एम (एम लहान) मारलं की चालू डीडी, सीपी, टार सगळ्यांचे टक्के दाखवतं. प्रोसेसने फाइल कुठवर वाचली ते प्रॉकमधल्या (लिनक्स चालू प्रोसेसची माहिती ठेवतं ते फोल्डर) एफडीइन्फोत असतं, तेच ते वाचतं. पीव्ही नावाचं टूलही बरं, किती वेळ बाकी ते दाखवतं. पण ते पाइपमध्ये (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देऊन) वापरतात, आणि मला पाइप आवडत नाही, सवयीचा प्रश्न.
डिस्क टकटक करत असेल किंवा एरर देत असेल तर डीडी सोडाच, डीडीरेस्क्यू घ्या. कुठवर वाचलं त्याची नोंद, म्हणजे मॅपफाइल, ठेवतं, मधेच लाईट गेली तरी तिथूनच पुढे.

सिडकोकर, सायं. ५.०२
डिस्क ठणठणीत आहे, फक्त भरलीय. आणि हो, पुढचंच पोर्ट होतं. ४.५० ला परत सुरू केलं. केबल बदलल्यावर नवी डिस्क खरंच एसडीसी झाली होती, काका! सुरुवातीला चक्क ४०० एमबी दाखवत होतं, आता १०५ वर स्थिरावलंय.

तर्री कमी, सायं. ५.०६
ते ४०० रॅमचे, डिस्कचे नाहीत. डीडी आधी मेमरीत ओततो, डिस्क मागून लिहिते. पेनड्राइव्हला हे फार जाणवतं: आकडा शेवटाला पोचतो आणि प्रॉम्प्ट काही येत नाही. एफसिंक दिलंय, तेव्हा प्रॉम्प्ट आल्याशिवाय हात लावू नका.

सिडकोकर, सायं. ७.१९
शेवटच्या आकड्यावर दहा-पंधरा सेकंद अडकलं, मग प्रॉम्प्ट आला. नव्या डिस्कवरचे दोन-तीन अल्बम उघडून बघितले, उघडतायत. दाजींनी आता कपाटातून अजून एक ५०० जीबीची काढलीय. ही जरा टकटक करते.

अंबड लिंक रोड, सायं. ७.२१
डीडीरेस्क्यू. आत्ताच. आणि मॅपफाइल त्याच डिस्कवर ठेवू नका.